वरच्या घरी माणसं आलीत

त्या वर्षी डोंगरातल्या झाडांना दाणाच धरला नाही, आणि त्याचा भुर्दंड तोमेओच्या गुडघ्यांवर पडला.

वर खायला काही उरलं नाही की अस्वलं खाली उतरतात आणि थेट टेंभरांवर येतात. म्हणून कचेरीचा कागद आला : वाडीतली सगळी टेंभरं महिनाअखेरच्या आत उतरवावीत, झाडावर एकही फळ ठेवू नये. कागद गुळगुळीत, रंगीत. कोपऱ्यात हसऱ्या अस्वलाचं चित्र. उतरवायची कुणी, तेवढं लिहायचं राहून गेलं होतं.

त्सुबोसावात घरं अकरा आणि टेंभराची झाडं तेवीस. अकरांपैकी तीनच घरांतून धूर निघायचा. एक तोमेओ आणि त्याची बायको फुसाए यांचं. दुसरं सेइजी म्हाताऱ्याचं; एके काळचा नावाजलेला शिकारी, आता शहाऐंशीचा, अंथरुणाला टेकलेला. तिसरं, ओढ्याच्या वरच्या अंगाला, शिगेनोआजीचं. बाकीच्या आठ घरांतली माणसं शहरात गेली होती किंवा मसणात. झाडं मात्र जागच्या जागी उभी होती आणि दर वर्षी इमानेइतबारे फळत होती, मुठीएवढी लालकेशरी टेंभरं, कुणी खायला नसलेली.

तोमेओ सदुसष्ट वर्षांचा होता आणि वाडीच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष होता. यात कुणाला हसू येत नसे. आपल्याहून धाकटा कुणी मंडळात आला की पद त्याच्या हवाली करायचं, अशी रीत. तोमेओकडे ते बत्तिसाव्या वर्षी आलं आणि त्यानंतर धाकटा कुणी आलाच नाही. बर्फ उपसायचं, पाट साफ करायचा, मयताची पेटी उचलायची, सगळं त्याच्याच गळ्यात. आईबापांचा तो सातवा. आता पुरे, या अर्थाचं 'तोमे' नावात घालून त्यांनी विषय संपवला होता. त्यांनी घरापुरतं म्हटलं होतं, ते साऱ्या वाडीनं मनावर घेतलं.

दहाव्या झाडाखाली फुसाए शिडी धरून उभी होती. तोमेओ वर, हातात चिरलेल्या टोकाचा लांब बांबू. फळाचा देठ चिरेत अडकवायचा, मनगटाला पीळ द्यायचा, देठ मोडला की बांबू अलगद खाली. हजार वेळा. मान मागं टाकून टाकून त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. टेंभराच्या चिकानं बोटं काळी पडली होती, साबणानं निघत नव्हती.

"अवो, ती फांदी सोडा," फुसाए खालून ओरडली. "टेंभराचं लाकूड दगाबाज. कडाड ऐकू यायच्या आत तुमी खाली आसाल."

"सोडून कसं चालंल? एक बी ठिवू नगा म्हनून लिवलंय."

"लिवनाऱ्याला म्हनावं, तूच ये चढायला."

एवढ्यात काठीचा ठक ठक आवाज आला. शिगेनोआजी वर येत होती. एकोणनव्वद वर्षांची, कमरेत काटकोनात वाकलेली, चेहरा कायम जमिनीकडे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, माणूस समोर आलं तरी तिला नुसती सावली दिसायची. कान मात्र शाबूत. ही वाडीची सुईण. पंचक्रोशीतली तीनशेच्या वर बाळं हिच्या हातून जगात आली. पहिलं तोमेओ, आणि शेवटचं तोमेओचीच मुलगी, चौतीस वर्षांमागं, बर्फानं घाट बंद पडला होता त्या दिवशी. ती मुलगी आता योकोहामाला असते, एकटी, आणि नव्या वर्षाला फोन करते.

"किती झाली रं झाडं?" आजीनं जमिनीला विचारलं.

"दहावं चालूय, आजी."

"वरच्या घराचं आदी करायचंस की. मानसं यायच्या आत. घरात तान्हं लेकरू आन् दारात अस्वल, बरं दिसतं का त्ये?"

शिडीवर तोमेओचा बांबू थांबला. फुसाएनं वर पाहिलं. सांगा, असं तिचे डोळे म्हणत होते.

"करतो," तो म्हणाला. "उद्या करतो."

"दिवस भरलेत तिचं. मी हात लावून सांगितलंय, या महिन्याच्या मदीच. पोरगी हाय." आजीनं काठी उचलली. "लंगोट झालं माजं शिवून. बावीस केल्यात. जुन्या सुती किमोनोचं कापड, चांगलं मऊ झालेलं हाय."

ती गेल्यावर फुसाएनं शिडीला एक हिसका दिला.

"बावीस लंगोट! आता तरी सांगा त्या म्हातारीला."

"सांगीन म्हनलं ना."

"कवा? तिनं तेविसावा शिवल्यावर?"

झालं होतं ते असं. उन्हाळ्यात कचेरीची गाडी एका जोडप्याला घेऊन आली होती. ओसाड वाड्यांमधली घरं शहरातल्या तरुण जोडप्यांना द्यायची, अशी काहीतरी योजना. शिगेनोआजीच्या घराच्या डोक्यावर जे रिकामं वरचं घर, ते त्यांना दाखवलं. बाई पोटुशी होती. आजीनं विचारलं नाही, सवरलं नाही, सरळ दोन्ही तळवे तिच्या पोटावर ठेवले आणि तोंड वर करून हसली. इतक्या वर्षांत तिचा चेहरा असा वर झालेला कुणी पाहिला नव्हता. जोडप्यानं कमरेत वाकून वाकून नमस्कार केले आणि 'विचार करून नक्की कळवतो' म्हणून निघून गेले. तोमेओला त्याच वेळी कळलं होतं. ज्याला यायचं असतं तो विचार करायला घरी जात नाही. सप्टेंबरात फोन आला, तो मंडळाच्या अध्यक्षालाच. दवाखाना दीड तासावर आहे, क्षमा असावी. तोमेओनं 'हो हो, काही हरकत नाही' म्हणत फोनसमोरच चार वेळा मान लववली. आणि ते शब्द घेऊन आजीच्या दारापर्यंत तो तीनदा गेला होता. तिन्ही वेळा ती कापड कापत बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी तो वरच्या घरी गेला. घराच्या पुढच्या फळ्या लावलेल्या, अंगणात रानवेलीचं जंगल. टेंभराचं झाड मागं, परसात. वाडीतलं सगळ्यात उंच. खालची फळं त्यानं दुपारपर्यंत काढली. मग वर पाहिलं. शेंड्याला शंभर-दीडशे फळं असतील, उन्हात पेटल्यासारखी. शिडी तिथवर पोचत नव्हती. फांदीवर पाय ठेवून चढला असता तर पोचला असता. त्यानं पाय ठेवला. फांदी बारीक कुरकुरली. उजवा गुडघा थरथरायला लागला तो थांबेना. कुणी बघत नव्हतं तरी त्याला लाज वाटली. तो खाली उतरला, शिडी खांद्यावर घेतली आणि घरी आला.

"झालं?" फुसाएनं विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

मग दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी, उतरवलेली टेंभरं पुरायला खड्डा खणायचा म्हणून तो कुदळ घेऊन निघाला, तेव्हा वरच्या वाटेवर त्याला विष्ठा दिसली. फावडंभर, लालसर, टेंभराच्या सालींनी आणि बियांनी भरलेली. वाफ येत होती. तो वाटेवरूनच झाडाकडे बघत राहिला. शेंड्याच्या फांद्या मोडून आत ओढल्या होत्या आणि त्यांचं घरट्यासारखं बसकण झालं होतं. खोडावर ओरखडे. फळं अजून बरीच शिल्लक होती. परसात जाऊन बघावं असं मनात आलं, पण वेली ओल्या, पाय निसरडा, हातात नुसती कुदळ. घराचा पुढचा भाग जसाच्या तसा दिसत होता. तेवढं बघून तो माघारी फिरला.

सेइजी म्हाताऱ्याला फुसाए रोज पेज द्यायची, त्या दिवशी तोमेओ घेऊन गेला. ओरखडे कसे ते ऐकताना म्हाताऱ्याचे डोळे छताला लागले होते.

"एकाच मापाचं का दोन मापाचं?"

"दोन. वर मोटं, बुडाशी बारीक."

"मादी हाय. पिल्लू संगं." म्हाताऱ्यानं चमचा दूर सारला. "ती लांब जायची न्हाई. पिल्लू एका जागी ठिवायचं आन् त्याचा आवाज ऐकू यील एवढ्याच अंतरात चरायचं, ही तिची रीत. माजी बंदूक पोलिसांनी नेली न्हवं?"

"तुमीच दिली परत. चार वर्सं झाली."

"मग मला कशाला सांगतूस? जा, कचेरीला सांग."

कचेरीत फोन एका पोरीनं उचलला. आवाज गोड, शब्द नेमके.

"पिंजरे सध्या सगळे इतर गावांत लावलेले आहेत, काका. पुढच्या बुधवारी शिकारी मंडळाचे तिघं जण येऊन पाहणी करतील."

"तरणी हायती का?"

"सगळ्यात लहान त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. तोपर्यंत एकटं फिरू नका. वाडीतल्या कुणातरी तरुण माणसाला सोबत घ्या."

"तरुन मीच हाय."

"बरं," पोरगी म्हणाली, "मग काळजी घ्या." संध्याकाळी पाच वाजता खांबावरच्या भोंग्यातून रोजच्यासारखी अंगाईची धून वाजली आणि मग तिचाच आवाज आला : त्सुबोसावा भागात अस्वल दिसलं आहे, नागरिकांनी घराबाहेर पडू नये. डोंगरानं ते दोनदा परत म्हटलं.

तोमेओ शिगेनोआजीकडे गेला. तिचं घर कसल्यातरी गोड वासानं भरलं होतं. चुलीवर लाल चवळीचा भात शिजत होता, सणासुदीला करतात तो.

"आजी, अस्वल आलंय. दार लावून बस. बुधवारपातूर भाईर पडू नगंस."

"ऐकलं की भोंग्यात."

"आन् भात कशाचा गं?"

आजी गालात हसली. दात नव्हते, पण हसणं पोरीसारखं होतं. "असाच. कळंल तुला सात दिसांनी. त्याच्या आदी बोलायचं नसतंय."

आता सांगावं, असं तोमेओला वाटलं. पण म्हातारी इतकी खुशीत होती की त्याच्यानं बोलवलं नाही. तिनं वाडगाभर भात फडक्यात बांधून दिला, तो घेऊन तो निघाला. वाटेत त्याला वाटलं, म्हातारीचं डोकं हललं असावं. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

पुढचे दिवस तो उरलेल्या झाडांवर होता. गळ्यात घंटा, कमरेला कोयता, झाडाखाली रेडिओ मोठ्यानं लावलेला. फुसाए शिडी धरायची आणि पाठीमागं डोंगराकडे बघत राहायची. रोज कुठंतरी नवी फांदी मोडलेली दिसे. एकदा रिकाम्या गोठ्याची फळी उचकटलेली दिसली. अस्वल मात्र दिसलं नाही. ते दिसत नाही हेच फुसाएला सहन होईना. ती जेवताना मध्येच घास थांबवून कान देई.

"बर्फ पडायच्या आत खाली गावात खोली बगू," ती म्हणाली. "मला न्हाई ऱ्हायचं हितं."

"आन् त्या दोघांचं?"

तिनं वाडगे उचलले आणि धुवायला नेले.

मंगळवारी तेविसावं झाड झालं. दुपार कलत आली होती. तोमेओ शिडी ओढत अंगणात आला तर फुसाए ओट्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर एक डबा होता. शिगेनोआजीचा काळा लाखेचा डबा, तिच्या लग्नातला.

"आजी येऊन गेली," ती म्हणाली. "ह्याचं झाकण बसंना झालंय, तुमाला ठाकठीक करायला सांगितलंय. लई बडबडत व्हती. म्हने, वरच्या घरी मानसं आलीत."

"काय?"

"मी म्हनलं, आजी, कुनी आलं न्हाई गं. तर मलाच हसली. म्हनली, मला काय सांगतीस, आज सातवा दिस, आता बोलायला हरकत न्हाई. पहिल्या सात दिसांत तान्ह्याचं नाव काडायचं नसतं, बाळतिनीच्या खोलीत परक्यानं जायचं नसतं, म्हनून गप बसले. रोज दुपारी मागल्या पायरीवर भात ठिवून येते, म्हने. रोज चाटूनपुसून खात्यात. पन आजकालची पोरं, रीतभात न्हाई. डबा पायरीखाली फेकून देत्यात, आन् रिकामाच. दुसऱ्याचं भांडं परत करताना आत दोन दाने तरी टाकावेत का न्हाई?"

तोमेओनं डबा हातात घेतला. झाकणाची कड चेपली होती. लाखेवर चार रेघा, समांतर, खालच्या लाकडापर्यंत गेलेल्या. आतल्या बाजूला एक राठ काळा केस चिकटला होता.

त्यानं डबा ओट्यावर ठेवला.

"कुटं हाय ती?"

"घरी गेली आसंल. लंगोटांचं गाठोडं व्हतं काखेत. मला वाटलं, भ्रमिष्टावानी..." फुसाए उभी राहिली. डब्यावरच्या रेघा तिनं आत्ता पाहिल्या. "मला म्हनली, बाळ रडतंय गं. रातच्याला लई रडतंय. आईला दूद न्हाई वाटतं. आज जाऊन बगते."

"पोलिसाला फोन लाव."

"तुमी एकटं नगा जाऊ! अवो!"

तो पळाला. म्हणजे पळण्यासारखं काहीतरी केलं. उजवा पाय ओढत, कोयता हातात, गळ्यातली घंटा वेड्यासारखी वाजत. सेइजी म्हाताऱ्याच्या घरावरून गेला, बंद घरांवरून गेला. मदतीला हाक मारावी तर कुणाला? आठ दारं ओळीनं बंद होती. आपण फोनसमोर मान लववली तो दिवस त्याच्या डोळ्यांपुढं आला. एक वाक्य होतं. ती माणसं येणार नाहीत. एवढंच बोलायचं होतं. आजी रडली असती, दोन दिवस जेवली नसती आणि जिवंत राहिली असती.

राहील, तो स्वतःला म्हणाला. जिवंतच आहे.

आजीचं दार उघडं होतं. चूल विझलेली. वरच्या घराच्या पुढच्या फळ्या होत्या तशा होत्या. वेली तुडवत तो पावसानंतर पहिल्यांदाच मागच्या बाजूला गेला. स्वयंपाकघराचं दार चौकटीसकट आत पडलं होतं. भिंतीची माती खरवडलेली, उंबऱ्यावर सालींचा आणि भाताच्या शितांचा राडा, आणि घाण वास, ओल्या कुत्र्याचा असतो त्याच्या दसपट. आणि पायरीवर आजीचे रबरी बूट. एकाला एक लावून, टाचा घराकडे, चवडे बाहेर, कुणाच्या घरी पाहुणं गेल्यावर ठेवतात तसे.

तेवढ्यात आतून रडणं आलं.

बारीक, चिरकं, मध्येच श्वास अडकणारं. तोमेओ जागीच थांबला. चौतीस वर्षांत त्सुबोसावात हा आवाज झाला नव्हता. त्याला माहीत होतं ते काय आहे. डबा त्यानं आपल्या हातात धरला होता. तरीही क्षणभर, एकच क्षण, त्याला वाटलं की आली असतील, खरंच आली असतील.

"आजी!" तो दबक्या आवाजात म्हणाला. "आजी, भाईर ये. हळूच ये."

आत अंधार होता. चटईवर पाय घासल्याचा आवाज झाला.

"कोन, तोमे? ये की आत. बूट काड पन."

"त्ये बाळ न्हाई, आजी! ती मानसं आलीच न्हाईत!" आता तो ओरडत होता. "फोन आला व्हता! सप्टेंबरातच आला व्हता! ती येनार न्हाईत म्हनाली, आजी, मी तुला सांगितलं न्हाई!"

"आरडू नगं मेल्या. घाबरतंय त्ये." तिचा आवाज त्याच्याकडे वळलासुद्धा नाही. तो खाली, कुणाच्या तरी अंगावर वाकलेला होता. "किती केस गं बाई. पोटातनंच केस घिऊन आलंय."

रडणं वाढलं. दोन घरं पलीकडे ऐकू जाईल इतकं वाढलं. तोमेओनं एक पाय आत टाकला आणि त्याच वेळी त्याच्या पाठीमागं, परसात, वर शेंड्याला, फांदी कडाडली. पिकलेली टेंभरं पटापट खाली पडली. मग खोडावरून नखं घासत काहीतरी जड, घाईघाईनं, खाली उतरू लागलं.

आजीच्या कानांना ते त्याच्याही आधी कळलं होतं.

"उगी," ती आत म्हणत होती. "उगी माज्या सोन्या. रडू नगं. आली बग तुजी आई."